मचाण किती उंच असावें?

माघ वद्य चतुर्दशीस ज्या घरांतून शिवलीलामृताचें वाचन होतें, त्या घरांतील मुलांनाही व्याधाची कथा ठाऊक असते. श्रीधरकवीनें शके १६४० मध्यें, म्हणजे इ. स. १७१८ च्या सुमारास, रचलेल्या त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत एक पारधी सायंकाळीं जलाशयाच्या कांठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. समोरचें नीट दिसावें म्हणून तो आड येणारीं पानें तोडून खालीं टाकतो, तीं खालच्या शिवलिंगावर पडतात, आणि रात्रीं पाण्यावर येणारीं हरिणें एकामागून एक त्याच्याशीं बोलूं लागतात. भाविकांचें लक्ष पानांकडे व लिंगाकडे जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु मृगयेच्या इतिहासाचा जिज्ञासु ही कथा वाचूं लागला, म्हणजे त्यास तींत एका कसबी माणसाचें चित्र दिसतें. त्या व्याधानें जागा निवडली ती पाणवठ्याची; वेळ निवडली ती अंधार पडण्यापूर्वींची; बाणाच्या वाटेंतील पानें त्यानें अगोदर काढलीं; आणि तो बसला तो हरणाशीं संभाषण होऊं शकेल इतक्या जवळ. झाडावरून धनुष्यानें शिकार करणारास जें जें कळावयास पाहिजे, तें बहुतेक सारें या कथेंत आहे. एकच गोष्ट कवीनें सांगितलेली नाहीं: तो किती उंचीवर बसला होता?

प्रथमदर्शनीं हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. बारा फूट काय आणि चोवीस फूट काय, झाडावर चढून बसलें म्हणजे झालें, असें कोणीही म्हणेल. शिवाय ज्यांनीं आयुष्यांत कधीं मृगया केली नाहीं आणि करण्याची इच्छाही नाहीं, अशा गृहस्थांना या मोजमापाशीं काय कर्तव्य, असाही आक्षेप येईल. त्यास उत्तर असें कीं, शस्त्र आणि तें धरणाराची जागा यांचा संबंध हा मनुष्याच्या अत्यंत जुन्या विचारांपैकीं एक आहे, व त्यांत त्याच्या बुद्धीप्रमाणेंच त्याच्या विवेकाचीही परीक्षा होत आली आहे. या एका उंचीवर एका मुक्या प्राण्याचें मरण क्षणाचें होणार कीं दिवसभराच्या यातनांचें, हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. आणि झाडावर चढणारा माणूस संध्याकाळीं आपल्या पायांनीं घरीं परत जाणार कीं नाहीं, हेंही. इतकी गोष्ट ज्या मापांत सांठली आहे, तें माप क्षुल्लक म्हणतां येत नाहीं.

प्रथम धनुष्याचा स्वभाव पाहूं. आपल्या काव्यांनीं धनुष्याला दूरचें शस्त्र करून ठेविलें आहे. वस्तुतः अरण्यांतील धनुष्य हें जवळचें शस्त्र आहे. बाण दीडशें पावलें जाईल हें खरें, परंतु जिवंत, सावध आणि क्षणांत हलणाऱ्या प्राण्याच्या नेमक्या मर्मावर तो बसावा अशी इच्छा असेल, तर साध्या धनुष्यानें पंधरा-वीस यार्डांपलीकडे जाऊं नये, असें जाणते लोक म्हणतात. भिल्लांचा बांबूचा कामठा घ्या किंवा इंग्लंडांतील यू वृक्षाचें लांब धनुष्य घ्या, हा नियम दोहोंसही लागू आहे. दुसरें असें कीं, बंदुकीची गोळी आघातानें पाडते, तर बाण कापतो. त्याच्या पात्यानें छातींतील मोठ्या रक्तवाहिन्या आणि दोन्ही फुप्फुसें छेदलीं गेलीं, तर हरिण कांहीं क्षणांतच कोसळतें. एकच फुप्फुस छेदलें गेलें तर तें कोसभर पळूं शकतें, झुडपांत शिरतें, आणि पुष्कळदां सांपडतही नाहीं. म्हणून बाण कोणत्या ठिकाणीं लागला एवढेंच पाहून भागत नाहीं. तो कोणत्या दिशेनें आंत शिरला हेंही पाहावें लागतें. उंचीच्या प्रश्नाचें मूळ येथें आहे.

जवळ जाण्याचे मार्ग दोन: एक, पाऊल न वाजवितां हरणाकडे जाणें, दुसरा, हरणाच्या वाटेवर आपण स्थिर राहाणें. हरणाच्या इंद्रियांपुढें दोन्ही मार्ग कठीण आहेत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें पाठीमागचा थोडा भाग सोडला तर सभोंवारचें सर्व त्यास दिसतें. तांबडा आणि नारिंगी हे रंग त्यास आपल्यासारखे ओळखतां येत नाहींत, हें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें स्पष्ट झालें आहे. परंतु किंचितशी हालचाल त्याच्या दृष्टींतून सुटत नाहीं, आणि नाक तर डोळ्यांहूनही तीक्ष्ण. अशा प्राण्याच्या दृष्टीच्या आणि नाकाच्या पातळीवरून आपण वर उचलले गेलों तर बरें, ही कल्पना मनुष्यास फार प्राचीन काळीं सुचली असली पाहिजे. आपल्या ज्वारीच्या शेतांतील माळ्यावर गोफण घेऊन उभा राहाणारा राखणदारही उंचीचा उपयोग जाणतो. मात्र त्याला दिसावयाचें असतें आणि पांखरांना भिववावयाचें असतें, तर धनुर्धाऱ्याला दिसावयाचें असूनही अदृश्य राहावयाचें असतें.

युरोपच्या मध्ययुगांतील राजेलोकांनीं ह्या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीनें केला. इंग्लंडांत हांका करून हरिणें ठराविक वाटेनें आणीत आणि धनुर्धारी त्या वाटेवर आपापल्या जागीं उभे राहात. पंधराव्या शतकाच्या आरंभीं यॉर्कच्या दुसऱ्या ड्यूकनें, एडवर्डनें, एक मृगयाग्रंथ लिहिला. त्याचा बहुतेक भाग गास्तों फेबूस या फ्रेंच सरदाराच्या ग्रंथाचें भाषांतर असून, राजाच्या शिकारीवरील प्रकरणें एडवर्डचीं स्वतःचीं आहेत. त्यांत राजाराणीसाठीं हिरव्या डहाळ्यांचे आडोसे उभारण्याची व्यवस्था वर्णिलेली आहे. धनुर्धारी तेथें जमिनीवरच असे. पुढें आठव्या हेन्रीसाठीं लंडनजवळच्या एपिंग अरण्यांत, चिंगफर्ड येथें, १५४३ सालीं एक तीन मजली लांकडी इमारत बांधण्यांत आली. तिला ‘मोठें उभें राहाण्याचें ठिकाण’ अशा अर्थाचें नांव होतें. वरचे मजले त्या वेळीं बाजूंनीं उघडे होते, आणि तेथून राजानें व पाहुण्यांनीं शिकार पाहावी, वाटल्यास आडव्या धनुष्यानें बाणही सोडावा, अशी योजना होती. पुढें एलिझाबेथ राणीच्या नांवानें प्रसिद्ध झालेली ही इमारत आज संग्रहालय म्हणून उभी आहे. तिची उंची पाहिली म्हणजे ध्यानांत येतें कीं, ती हरणाच्या शरीररचनेवरून ठरविलेली नाहीं. ती ठरली राजाच्या प्रतिष्ठेवरून. उंच बसणें हें तेथें शिकारीचें साधन असण्यापेक्षां सत्तेचें चिन्ह अधिक होतें.

हिंदुस्थानांत इंग्रजी अमदानींत मचाण हा शब्द सर्वतोमुखीं झाला, तो बंदुकीबरोबर. मध्यप्रांताच्या आणि कुमाऊंच्या जंगलांत मेलेल्या जनावरावर किंवा बांधलेल्या बकऱ्यावर बसणारा शिकारी मचाणाची उंची ठरवी, ती मुख्यतः भीतीच्या हिशेबानें: वाघानें मागच्या पायांवर उभें राहून पंजा वर केला तर तो जेथवर पोहोंचेल, त्याच्या पुष्कळ वर. बिबळ्याच्या बाबतींत हा हिशेबही चालत नाहीं, कारण तो स्वतःच झाडावर चढतो. जिम कॉर्बेटनें १९२६ च्या मे महिन्यांत रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या मारिला, तो गुलाबराई येथील आंब्याच्या झाडावरील मचाणांतून. तेथें त्याचें रक्षण उंचीनें केलें नसून त्याच्या सावधपणानें केलें. तें कसेंही असो, बंदुकीच्या गोळीला कोन फारसा बाधत नाहीं. म्हणून आपल्याकडील मचाणाच्या अनुभवांतून धनुर्धाऱ्यानें घ्यावें असें स्थैर्य पुष्कळ आहे, मौन पुष्कळ आहे, परंतु माप मात्र नाहीं.

तें माप ज्या देशांत बारकाईनें काढलें गेलें, तो देश अमेरिका. तेथील गोऱ्या लोकांत धनुष्याची आवड पुन्हां उत्पन्न झाली ती यादवी युद्धानंतर. त्या युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेले मॉरिस आणि विल थॉम्पसन हे दोघे भाऊ फ्लोरिडाच्या अरण्यांत धनुष्यबाण घेऊन हिंडले. मॉरिसनें १८७८ सालीं त्या अनुभवांवर लिहिलेलें पुस्तक इतकें लोकप्रिय झालें कीं, दुसऱ्याच वर्षीं राष्ट्रीय धनुर्विद्यामंडळ स्थापन झालें. परंतु मूळच्या रहिवाशांची विद्या या नव्या हौशी लोकांपर्यंत पोहोंचली ती एका करुण प्रसंगानें. १९११ च्या ऑगस्टमध्यें कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाजवळ एक उपासमारीनें खंगलेला मनुष्य सांपडला. तो याही जमातीचा होता. त्याचे सारे आप्तेष्ट गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांत नाहींसे झाले होते. त्यानें आपलें नांव कधींच सांगितलें नाहीं. क्रोबर नामक मानववंशशास्त्रज्ञानें त्यास ‘इशी’ म्हटलें. त्याच्या भाषेच्या कुळांत या शब्दाचा अर्थ ‘मनुष्य’ एवढाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयांत तो राहूं लागला आणि शेजारच्या वैद्यकशाळेंतील शस्त्रवैद्य सॅक्स्टन पोप याच्याशीं त्याची मैत्री जमली. पोपनें त्याच्यापाशीं धनुर्विद्येचे धडे घेतले. १९१६ च्या मार्चमध्यें इशी क्षयानें वारला. पोपनें त्याची विद्या ग्रंथांत उतरवून ठेविली, आणि १९२३ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा मृगयाग्रंथ पुढच्या पिढ्यांचा आधार झाला.

इशी हरणाजवळ जाई तो जमिनीवरून. खडकाच्या किंवा झुडपाच्या आड बसावें, ओंठांवर बोटें ठेवून सशाच्या केविलवाण्या ओरडण्यासारखा आवाज काढावा, आणि कुतूहलानें जवळ येणाऱ्या प्राण्याची वाट पाहावी, ही त्याची एक रीति. त्याचें धनुष्य जुनिपरच्या लांकडाचें, पाठीवर हरणाचे स्नायुतंतू चिकटविलेलें आणि अवघें ४२ इंचांच्या आसपास लांबीचें होतें. तें बसूनही ओढतां येई. पोपनें स्वतःसाठीं इंग्रजी पद्धतीचें, साडेपांच फुटांहून लांब धनुष्य पत्करिलें. या दोन धनुष्यांतील भेद मचाणाच्या विचारांत पुढें फार महत्त्वाचा ठरला, तो कसा हें लौकरच दिसेल. पोप आणि त्याचा जोडीदार आर्थर यंग यांनीं १९२० सालीं यलोस्टोनच्या रानांत मोठीं अस्वलें बाणांनीं मारिलीं, तेव्हांही ते खडकांच्या आडोशासच होते. आधुनिक अमेरिकन धनुर्मृगयेचे हे आद्य पुरुष झाडावरून शिकार करणाऱ्यांचे आचार्य नव्हते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

झाड पुढें आलें तें कायद्यामुळें आणि हरणांच्या संख्येमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार कत्तलीमुळें अमेरिकेंत पांढऱ्या शेपटीचीं हरिणें अदमासें तीन ते पांच लाख उरलीं होतीं. संरक्षक कायदे आणि नियंत्रित हंगाम यांमुळें तीं पुन्हां वाढलीं. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरांत सांगतात. केवळ धनुर्धाऱ्यांसाठीं राखलेला हरणांचा हंगाम विस्कॉन्सिन राज्यांत १९३४ सालीं दोन परगण्यांपुरता सुरू झाला. वन्य जीवनाचा थोर विचारवंत आल्डो लिओपोल्ड त्याच राज्यांत राहात होता. तो स्वतः धनुष्यें तयार करी, आणि त्याची पत्नी एस्टेला ही राज्याच्या स्त्री-धनुर्धाऱ्यांत अजिंक्य ठरली होती. असे हंगाम एकेका राज्यांत वाढत गेले. हरिणें शेतांच्या कडेस, ओढ्याकांठच्या दाट झाडींत राहूं लागलीं, आणि अशा ठिकाणीं जमिनीवरून वीस पावलांपर्यंत जाणें जवळजवळ अशक्य, हें धनुर्धाऱ्यांच्या अनुभवास आलें. झाडावरून मारणें हें अन्याय्य आहे असें मानणारे लोक होते, आणि कांहीं राज्यांच्या कायद्यांनींही तसेंच मानिलें. मिशिगनसारख्या राज्यांत झाडावर बसण्याची मोकळीक धनुर्धाऱ्यांना आधीं मिळाली व बंदूकवाल्यांना पुष्कळ वर्षांनंतर. त्यांतील तर्क उघड आहे: ज्याचें शस्त्र दुबळें, त्याला जागेचा थोडा आधार घेऊं द्यावा.

तथापि जोंवर माणूस निसर्गानें दिलेल्या फांदीवर बसत होता, तोंवर उंची हा निवडीचा विषयच नव्हता. फांदी असेल तेथें बसावयाचें, इतकाच नियम. पुढें खांद्यावरून नेतां येणारीं, खोडास पट्ट्यानें किंवा सांखळीनें आवळतां येणारीं धातूचीं मचाणें निघालीं, आणि मनुष्य वाटेल तितक्या उंचीवर बसूं शकूं लागला. त्याच सुमारास धनुष्यही बदललें. मिसूरी राज्यांतील हॉलिस विल्बर ॲलन यानें कप्प्या लाविलेल्या धनुष्याच्या एकस्वासाठीं १९६६ सालीं अर्ज केला, आणि १९६९ च्या डिसेंबरांत तें त्यास मिळालें. या धनुष्याची दोरी पूर्ण ओढली कीं ताण एकदम उतरतो. त्यामुळें धनुर्धारी दोरी ओढलेल्या स्थितींत बराच वेळ थांबून, लाविलेल्या खुणांतून नेम धरूं शकतो. साध्या लांकडी धनुष्याला ‘पारंपरिक’ हें विशेषण लागलें तें यानंतरच. पूर्वीं तें नुसतें धनुष्य होतें. कप्प्यांच्या धनुष्यवाल्यांनीं वीस, पंचवीस, तीस फुटांपर्यंत मचाणें नेलीं. जुन्या धनुष्याला धरून राहिलेले लोकही प्रथम त्यांच्या मागें वर चढले, आणि मग पुष्कळांनीं अनुभवानें खालीं यावयाचें ठरविलें. आज बहुतेक पारंपरिक धनुर्धारी १० ते १६ फुटांच्या दरम्यान राहाणें पसंत करितात. तें कां, हें थोड्या भूमितीनें समजेल.

समजा, मचाणाची फळी जमिनीपासून १२ फुटांवर आहे. उभ्या माणसाचा बाण फळीच्या वर सुमारें ५ फुटांवरून सुटतो, आणि हरणाचा उरोभाग जमिनीपासून सुमारें अडीच फुटांवर असतो. म्हणजे बाणास साडेचौदा फूट खालीं उतरावयाचें आहे. हरिण झाडाच्या बुंध्यापासून १५ यार्डांवर, म्हणजे ४५ फुटांवर असेल, तर बाण क्षितिजाशीं सुमारें १८ अंशांचा कोन करून जाईल. आतां फळी २४ फुटांवर नेली, तर उतार साडेसव्वीस फुटांचा होतो आणि कोन ३० अंशांवर जातो. हरिण आणखी जवळ, ५ यार्डांवर आलें, तर बारा फुटांवरून कोन ४४ अंशांचा, आणि चोवीस फुटांवरून ६० अंशांचा होईल. १८ अंशांच्या कोनांत शिरलेला बाण एका बाजूनें जाऊन दुसऱ्या बाजूनें, किंचित खालून, बाहेर पडतो व दोन्ही फुप्फुसें छेदतो. ६० अंशांच्या कोनांत पाठीचा कणा आणि खांद्याचें हाड हीं वाटेंत येतात, लक्ष्य अरुंद होतें, आणि हाडें टळलीं तरी बहुधा एकच फुप्फुस सांपडतें. हरिण अगदीं पायांखालीं आलें म्हणजे शिकार सोपी झाली, असें नवशिक्यास वाटतें. खरें पाहातां ती तेव्हां सर्वांत कठीण झालेली असते, आणि समंजस धनुर्धारी अशा वेळीं दोरी ओढीतच नाहीं.

दुसरा मुद्दा अंतराच्या भ्रमाचा. चोवीस फुटांच्या मचाणावरून ४५ फुटांवरचें हरिण डोळ्यास तिरप्या रेषेंत सुमारें ५२ फुटांवर दिसतें. बारा फुटांवरून तेंच ४७ फुटांवर दिसतें. बाण वाटेंत किती खालीं झुकेल हें मुख्यतः आडव्या अंतरावर अवलंबून असतें, तिरप्या अंतरावर नव्हे. कप्प्यांच्या धनुष्यावर खुणा असतात आणि हातांत अंतर मोजण्याचें यंत्र असतें; पारंपरिक धनुर्धारी मात्र केवळ डोळ्याच्या आणि हाताच्या संवयीनें बाण सोडतो, आणि ती संवय त्यानें सपाट जमिनीवर मुरविलेली असते. उंची जितकी अधिक, तितका डोळा त्यास फसवितो, आणि बाण वरून निघून जातो.

तिसरा मुद्दा शरीराचा. ताणलेल्या धनुष्याचा पूर्ण भार हातांवर असल्यामुळें त्यास थांबतां येत नाहीं. ओढणें आणि सोडणें हीं जवळजवळ एकच क्रिया असते. खालीं नेम धरितांना पुष्कळ जण नुसता हात खालीं करितात. तसें केल्यास खांदे आणि हात यांची रचना मोडते व ओढ आंखूड पडते. कंबरेंत वांकून, खांदे व हात जसेच्या तसे ठेवून नेम घ्यावा, हा या कलेंतील पहिला धडा. आणि जितकें उंच तितकें अधिक वांकावें लागतें. त्यांत लांब धनुष्याचें खालचें टोंक गुडघ्यास, फळीस किंवा फांदीस अडखळतें. इशीच्या आंखूड धनुष्याला ही अडचण आली नसती. पोपच्या लांब धनुष्याला ती खात्रीनें आली असती. म्हणून झाड निवडतांना धनुष्य हातांत घेऊन, कंबरेंतून वांकून, सर्व दिशांस तें मोकळें फिरतें कीं नाहीं हें पाहाणें, उंची मोजण्याइतकेंच अगत्याचें असतें.

तर मग मचाण जमिनीलगत कां बांधूं नये? कारण उंचीचे लाभही खोटे नाहींत. फार खालीं असलेल्या माणसाची दोरी ओढण्याची मोठी हालचाल हरणाच्या दृष्टीच्या रेषेंत येते. हरिण वर पाहात नाहीं अशी एक समजूत आहे, परंतु ज्या रानांत माणसें झाडांवर बसतात तेथील हरिणें वर पाहावयास शिकतात. त्यावर उपाय अधिक उंची हा नसून अधिक आडोसा हा आहे. पाठीशीं जाड खोड किंवा दोन फाट्यांचें झाड असावें, माणसाची आकृति आकाशावर उठून दिसूं नये, आणि पानें गळल्यानंतरही हिरवें राहाणारें झाड मिळाल्यास तें सोडूं नये. वाऱ्याचेंही तसेंच. सकाळीं ऊन चढूं लागलें म्हणजे हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळीं थंड होऊन खालीं उतरते. उंचीमुळें माणसाचा वास जवळच्या हरणाच्या डोक्यावरून जाईल, परंतु सायंकाळीं तोच वास खालच्या खोलगट जागेंत सांचून राहील. डोंगराच्या उतारावर तर मापच बदलतें. बुंध्यापासून मोजलेले पंधरा फूट वरच्या बाजूच्या पायवाटेवरून येणाऱ्या हरणाच्या डोळ्यांच्या बरोबरीचे ठरतात, आणि खालच्या बाजूनें येणाऱ्यास तेच तीस होतात. म्हणून उंची मोजावी ती झाडाच्या मुळापासून नव्हे. हरणाच्या वाटेपासून मोजावी.

शेवटचा मुद्दा माणसाच्या जिवाचा. अमेरिकेंत शिकारींत होणाऱ्या गंभीर इजांचीं कारणें पाहिलीं, तर मचाणावरून पडणें हें त्यांतील एक प्रमुख कारण आहे. हे अपघात बहुधा बसलेल्या स्थितींत न होतां चढतांना, उतरतांना आणि शिडीवरून फळीवर पाऊल टाकतांना होतात. पूर्वीं कंबरेला नुसता पट्टा बांधीत. पडल्यावर त्यानेंच पोटास व श्वासास आवळ बसे. आतां खांदे, छाती आणि मांड्या यांस बांधणारा पट्टा वापरावा व जमिनीवरून पाऊल उचलल्यापासून परत टेंकेपर्यंत तो दोरास जोडलेला असावा, असें शिकविण्यांत येतें. बारा फुटांवरून पडलेल्या माणसाचाही कणा मोडतो, म्हणून कमी उंची म्हणजे निर्भय उंची नव्हे. पण कंबरेंतून वांकून बाण सोडणाऱ्या माणसाचा तोल चोवीस फुटांवर जावा कीं बारा फुटांवर, हा विचार ज्याच्या घरीं कोणी वाट पाहात आहे त्यानें करावा.

या सर्व विवेचनाचा सारांश असा कीं, योग्य उंची ही एक संख्या नसून एक तडजोड आहे. हरणाच्या दृष्टींतून सुटण्याइतकें वर जावें, आणि त्याला लौकर मरण देण्याच्या आपल्या कर्तव्यांतून सुटण्याइतकें वर जाऊं नये. ज्या पिढीच्या हातीं खुणा लाविलेलें, कप्प्यांचें धनुष्य आलें, तिच्यांतीलच कांहीं माणसांनीं जुनें धनुष्य पुन्हां उचललें आणि त्याच्यासाठीं आपली जागा खालीं आणली, ही मला या इतिहासांतील विचार करण्यासारखी गोष्ट वाटते. अधिक उंच जाणें शक्य असतांना खालीं उतरणें, हें साधनाच्या मर्यादा ओळखल्याचें लक्षण आहे. मारणें मुळांतच गैर आहे असें ज्यांना वाटतें, त्यांचें समाधान या विचारानें होणार नाहीं, व तें होण्याची अपेक्षाही नाहीं. परंतु मारणारानेंसुद्धां स्वतःवर कांहीं बंधनें घालून घ्यावीं आणि तीं इंचाफुटांनीं मोजावीं, यांत माणुसकीचा एक अंश आहे, एवढें त्यांनाही मान्य व्हावें.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचीं मचाणें इतिहासजमा केलीं. तरीही महाराष्ट्रांतील अरण्यांतून मचाण गेलेलें नाहीं. ताडोबा आणि मेळघाट येथें वैशाखी पौर्णिमेस, म्हणजे बुद्धपौर्णिमेस, वनखात्यातर्फे पाणवठ्यांच्या कांठीं मचाणें सज्ज होतात. शहरांतून आलेली माणसें तेथें रात्रभर बसतात, आणि चांदण्यांत पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद वहींत करितात. त्यांनाही पाणवठा लागतो, आडोसा लागतो, वाऱ्याची दिशा पाहावी लागते, आणि मौन तर पाळावेंच लागतें. मात्र त्यांचें मचाण किती उंच असावें हा प्रश्न पुष्कळ सोपा आहे, कारण हातांत बाण नसला म्हणजे कोन मोजावा लागत नाहीं.